पेडल आधी, सायकल नंतर

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आजच्या सायकलचा जन्म १८८५ साली, जॉन केंप स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’पासून धरावा. दोन जवळपास सारखी चाकं, मधे चौकट, चेनने फिरणारं मागचं चाक. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांनी एकच विचारलं: मग त्याआधी लोक पायाने काय चालवत होते? विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. आयुष्यभर तंत्रशाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं, आणि मुलांना चाक समजावून सांगताना या जुन्या गाड्यांइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलं नाही. म्हणून हे सदर या वेळी पूर्ण याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न: मुलाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सायकलचं पहिलं चित्र लिओनार्डो दा विंचीने काढलं असं दिलंय. दुसऱ्या पुस्तकात फ्रान्सच्या काउंट द सिव्राकचं नाव आणि १७९०च्या सुमाराचा काळ आहे. खरं कोणतं मानायचं?

दोन्ही खोडून टाका. लिओनार्डोच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहाची १९६०च्या दशकात दुरुस्ती झाली. चिकटवलेले कागद सुटे केले, आणि त्यातल्या एकाच्या मागे सायकलचं चित्र आहे असं १९७४मध्ये जगाला सांगण्यात आलं. पण कार्लो पेद्रेत्ती या अभ्यासकाने तोच कागद १९६१मध्ये उजेडासमोर धरून पाहिला होता, आणि त्याला तिथे दोन वर्तुळं आणि काही रेघा एवढंच दिसलं होतं. पेडल, चेन, हँडल हे सगळं नंतर कुणीतरी भरलं. कारागिराच्या नजरेने पाहिलं तरी शंका येतेच. त्या चित्रातलं पुढचं चाक वळूच शकत नाही, आणि न वळणाऱ्या चाकावर दोनचाकी चार हातसुद्धा उभी राहत नाही.

सिव्राकची गोष्ट १८९१मध्ये लुई बोद्री द सोनिए या फ्रेंच लेखकाने रचली. सिएव्राक नावाचा एक माणूस होता खरा, पण त्याने १८१७मध्ये परवाना काढला तो घोडे जुंपायच्या चारचाकी गाडीचा. नाव ‘सेलेरिफेर’, एवढंच साम्य. फ्रान्स त्या काळी जर्मनीकडून झालेला पराभव विसरला नव्हता, आणि दोनचाकीचा मान कार्ल फोन ड्राइस या जर्मन माणसाला जाऊ नये असं अनेकांना वाटत होतं. मुलाच्या पुस्तकाच्या प्रकाशकाला जरूर पत्र लिहा. अशा चुका एका पुस्तकातून दुसऱ्यात वर्षानुवर्षं उतरत राहतात.

प्रश्न: ड्राइसने १८१७मध्ये दोनचाकी बनवली, पण तिला पेडल नव्हतं. पेडल यायला पुढे पंचेचाळीसेक वर्षं लागली. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणालाच कशी सुचली नाही?

आलेल्या पत्रांमधला हा मला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला. आपल्याला वाटतं, आधी चाकं आली असतील आणि मग कुणाला तरी पेडल सुचलं असेल. झालं नेमकं उलट. पायाने चालणारी गाडी दोनचाकीपेक्षा शंभरावर वर्षांनी जुनी आहे.

आधी हाताने चालणारी एक गाडी पाहू. जर्मनीत न्यूरेनबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याचे पाय लुळे होते. सतराव्या शतकाच्या मध्याला त्याने स्वतःसाठी तीनचाकी खुर्ची बनवली. हाताने क्रँक (आस फिरवायची वाकडी दांडी) फिरवायची, दातेरी चाकांमधून जोर पुढच्या चाकाला जायचा. माझ्या मनात या माणसाला फार वरची जागा आहे, कारण त्याला गाडी दाखवायची नव्हती, त्याला स्वतःच्या बळावर घराबाहेर पडायचं होतं. त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ला रोशेलच्या एली रिशार या डॉक्टरच्या चारचाकीचं वर्णन छापून आलं. पुढे मालक ऐटीत बसून लगाम धरल्यासारखी दिशा सांभाळणार, मागे नोकर उभा राहून दोन पायपट्ट्या आळीपाळीने दाबणार, आणि त्या पट्ट्या मागचा आस फिरवणार. १७७९मध्ये पॅरिसला ब्लांशार (पुढे बलूनमुळे प्रसिद्ध झाला तोच) आणि मासुरिए यांनी याच धर्तीची गाडी लोकांना दाखवली. रशियात इव्हान कुलिबिनने १७९१मध्ये तीनचाकी केली. तिला जडचाक (फिरणं एकसारखं ठेवणारं वजनदार चाक) होतं, ब्रेक होता, वेग बदलायची सोय होती. आणि तिथेही पाय मारायला मागे नोकरच!

या नोकराकडे जरा थांबून पाहा. जोवर घाम दुसऱ्याचा आहे, तोवर गाडी किती जड झाली याची चिंता बनवणाऱ्याला नसते. या सगळ्या गाड्या बग्गीच्या वजनाच्या होत्या. सपाट बागेत त्या शोभून दिसत, पण चढावर त्यांचं काही चालत नसे. पेडल होतं, पण ज्याच्यावर ते बसवावं असं हलकं वाहन नव्हतं.

ते हलकं वाहन कार्ल फोन ड्राइसने दिलं. वनखात्यातला अधिकारी. त्यानेही १८१३मध्ये चारचाकीच करून पाहिली होती, माणसांच्या जोरावर चालणारी. ती सोडून तो दोन चाकांवर आला, आणि १२ जून १८१७ रोजी मानहाइमहून श्वेट्झिंगनच्या दिशेला असलेल्या, घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत जाऊन तासाच्या आत परत आला. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर. लाकडी चौकट, लोखंडी धाव चढवलेली दोन लाकडी चाकं, पुढचं वळणारं, मधे सीट, आणि दोन्ही पायांनी जमीन मागे सारत पळायचं. १८१५मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ला युरोपात उन्हाळाच पडला नाही, पीक बुडालं, घोड्यांना चारा मिळेना, म्हणून ड्राइसने हे यंत्र काढलं असं काही अभ्यासक मानतात. कल्पना पटण्यासारखी आहे, सरळ पुरावा मात्र नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ड्राइसच्या गाडीवर पाय हे इंजिन होतं आणि पाय हाच आधारही होता. तोल गेला की पाय टेकायचा. पेडल बसवायचं म्हणजे हा आधार काढून घ्यायचा, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून दोन बारीक चाकांवर विसंबायचं. आज आपण इतर माणसांना तसं करताना लहानपणापासून पाहतो, म्हणून भीती कळत नाही. तेव्हा कुणी कुणाला तसं करताना पाहिलंच नव्हतं. उतारावर ड्राइसच्या गाडीवाले थोडा वेळ पाय उचलत, पण जमीन वीतभर खाली आहे या भरवशावर. लंडनच्या लुइस गॉम्पर्ट्झने १८२१मध्ये पुढच्या चाकाला हाताने जोर द्यायची युक्ती बसवली. पाय मात्र जमिनीवरच ठेवले! या एका उदाहरणात सगळं आलं. युक्ती सुचत होती, पाय उचलायचं धाडस होत नव्हतं.

शिवाय ती लाटही लवकर ओसरली. रस्ते चाकोऱ्यांनी भरलेले, म्हणून हे लोक पदपथावर चढत, पादचारी चिडत, मग शहरं बंदी घालत. ज्यांना पायाने चालणारं वाहन हवंच होतं ते पुन्हा चारचाकीकडे वळले. डोव्हरच्या विलर्ड सॉयरने पायपट्ट्या आणि क्रँकच्या आसावर चालणाऱ्या देखण्या चारचाकी बनवून विकल्या आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या. त्या काळच्या शहाण्या माणसाला पायाच्या गाडीचं भविष्य विचारलं असतं, तर त्याने सॉयरकडेच बोट दाखवलं असतं.

प्रश्न: स्कॉटलंडच्या मॅकमिलन लोहाराने १८३९मध्येच पेडलची दोनचाकी केली होती ना? तुम्ही त्याचं नाव गाळता, हे बरोबर नाही.

लोहाराचं नाव गाळायला मला आनंद होत नाही, विश्वास ठेवा. पण पुरावा तपासू या. कर्कपॅट्रिक मॅकमिलनच्या बाजूचा सगळा दावा १८९०च्या दशकात, त्याच्या मृत्यूनंतर, एका नातेवाइकाने गोळा केला. मोठा आधार १८४२मधल्या ग्लासगोच्या बातमीचा: व्हेलॉसिपीडवर (माणसाच्या जोरावर चालणाऱ्या गाडीचं तेव्हाचं नाव) आलेल्या कुणा ‘सद्‌गृहस्था’ने एका मुलीला धक्का दिला आणि त्याला पाच शिलिंग दंड झाला. बातमीत नाव नाही. चाकं हाताने क्रँक फिरवून चालत होती असं तिच्यात आहे, आणि त्या काळचं वर्तमानपत्र लोहाराला सद्‌गृहस्थ म्हणेल का, हाही विचार करा. संग्रहालयात दिसणाऱ्या, दांड्यांनी मागचं चाक फिरवणाऱ्या त्या सायकली स्कॉटिशच आहेत, पण किलमार्नकच्या थॉमस मॅकॉलने तशा बनवल्या त्या १८६९च्या सुमारास. मॅकमिलनने काही केलंच नाही असं मी म्हणत नाही. पण जे सिद्ध झालेलं नाही ते मुलांना सन-सनावळीसकट शिकवू नये.

प्रश्न: मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मित्रांबरोबर मिशोची ‘हाडं खिळखिळी करणारी’ सायकल बनवायची आहे. ती खरंच मिशोने शोधली का? आणि बनवताना काय सांभाळू?

शाब्बास. आधी शोधाचं पाहू. पॅरिसचा पिएर मिशो बग्ग्यांचे लोखंडी भाग करायचा. त्याच्या घरची गोष्ट अशी की १८६१मध्ये कुणीतरी ड्राइसची गाडी दुरुस्तीला आणली, आणि पाय कुठे ठेवायचे या बोलण्यातून, धार लावायच्या फिरत्या दगडाला असते तशी क्रँक पुढच्या चाकाच्या आसाला लावायची कल्पना निघाली. ही गोष्ट त्याच्या मुलाने फार उशिरा, १८९३मध्ये लिहिली. दुसरीकडे पिएर लालमाँ हा तरुण कारागीर. १८६३च्या सुमारास आपण हे केलं असं तो सांगायचा. तो १८६५मध्ये अमेरिकेला गेला, कनेटिकट राज्यातल्या अन्सोनियात त्याने ती गाडी चालवली, आणि २० नोव्हेंबर १८६६ला त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. क्रँक आणि पेडलच्या दोनचाकीचं सर्वांत जुनं पेटंट तेच. स्मारक मात्र मिशो पितापुत्रांचं, बार-ल-द्युक गावात, १८९४चं. लालमाँ १८९१मध्ये बॉस्टनला वारला, ऐन सत्तेचाळिशीत, हाती फारसं काही न लागता. कागदावर ज्याची सही आहे त्याचं नाव तुमच्या फलकावर आधी लिहा असं मी सांगेन. मिशोचा वाटा कमी नाही. त्याने आणि त्याच्या मागे पैसा घेऊन उभ्या राहिलेल्या ओलिव्हिए बंधूंनी १८६७-६८नंतर ही गाडी हजारो लोकांच्या पायाखाली आणली.

आता बनवणं. तंत्रशाळेत आम्ही मुलांसोबत अशी एक गाडी उभी केली होती, त्यावरून सांगतो.

चाक लाकडी कर. आरे, पाटे (घेराचे तुकडे), तुंबा (मधला गाभा) असं बैलगाडीच्या चाकाचंच काम आहे, फक्त नाजूक. धाव चाकापेक्षा किंचित कमी घेराची ठेव, ती तापवून चढवायची आणि पाण्याने विझवायची. गार होताना ती आवळते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. हे काम अनुभवी लोहाराशिवाय करू नका. पुढचं चाक छत्तीस इंचांच्या आसपास, मागचं थोडं लहान. पेडलकडे विशेष लक्ष दे. मिशोची पेडलं रिळाच्या आकाराची असत, खाली वजन असल्यामुळे सपाट बाजू आपोआप वर यायची, आणि काहींच्या पोटात तेलाची लहानशी वाटी असे. तेव्हा तिथे छर्रे नव्हते, धातूवर धातू घासायचा, म्हणून तेल हवंच. एवढ्याशा भागात कारागिराने केलेला विचार पाहून आमची मुलं गाडीपेक्षा पेडलच हातात घेऊन बसायची. ब्रेक मागच्या चाकावर होता. हँडलची मूठ पिळली की दोरी ताणली जाऊन लाकडी ठोकळा चाकाला दाबायचा.

चालवताना पायांआधी हात दुखतात, हे आधीच सांगून ठेवतो. पेडल वळणाऱ्या चाकावरच असल्यामुळे प्रत्येक जोराला चाक एका बाजूला वळू पाहतं, आणि ते हातांनी सावरावं लागतं. सीट मागे असल्याने पेडल खाली दाबता येत नाही, पुढे ढकलावं लागतं, म्हणजे शरीराचं वजन कामी येत नाही. जास्त वळवलंस तर चाकाची मागची कड मांडीला आतून घासते, म्हणून वळण मोठं घे. आणि पाय थांबवता येत नाहीत, चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच. उतारावर पाय उचलून पुढच्या आधारावर ठेवायचे. प्रदर्शनात सपाट जागीच चालव, आणि पहिल्यांदा दोघांनी बाजूने धर.

याच गाड्यांवर ७ नोव्हेंबर १८६९ला पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर साडेदहा तासांच्या आसपास पोहोचला. त्याच्या गाडीला छर्‍यांचे बेअरिंग होते. ज्यूल स्युरिरे याने त्याच वर्षी त्यांचं पेटंट घेतलं होतं. आज ज्या यंत्रात पाहाल त्यात बेअरिंग आहेत, आणि त्यांना पहिला मोठा वापर मिळवून देणाऱ्यांत पायाने चालणारी गाडी आहे, हे फलकावर ठळक लिहा.

प्रश्न: या सगळ्यात बायका कुठे होत्या?

गाडीवर होत्या. १ नोव्हेंबर १८६८ला फ्रान्सच्या बोर्दोमध्ये स्त्रियांची व्हेलॉसिपीड शर्यत झाली. पॅरिस-रूआँ शर्यत ‘मिस अमेरिका’ या नावाने उतरलेल्या बाईंनी पूर्ण केली आणि त्या एकोणतिसाव्या आल्या. अनेक पुरुष वाटेतच थांबले होते.

पण पुढे उंच चाकाची सायकल आली तेव्हा लांब झग्यांमुळे तिचा रस्ता बायकांना जवळपास बंद झाला, आणि त्या तीनचाकीकडे वळल्या. त्यामुळे तीनचाकीला जो भाव आला त्यातून एक मोठी गोष्ट निघाली. कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली (रोव्हरवाल्या स्टार्लींचे काका) आपल्या मुलासोबत शेजारी-शेजारी बसायच्या गाडीवर जात होते. दोघं आपापल्या बाजूचं चाक चालवत. मुलाच्या पायात जोर जास्त, त्यामुळे गाडी सारखी भरकटायची. त्यातून त्यांनी दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी आणि वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारी दातेरी रचना बसवली, १८७७मध्ये. तेच डिफरन्शियल आज मोटारीच्या आसात असतं. १८८१मध्ये व्हिक्टोरिया राणीने आइल ऑफ वाइटवर एका तरुणीला स्टार्लींच्या तीनचाकीवरून जाताना पाहिलं आणि स्वतःसाठी दोन मागवल्या. तेव्हापासून त्या ‘सॅल्व्हो’ गाडीला ‘रॉयल सॅल्व्हो’ म्हणू लागले. सायकलच्या इतिहासाची पुस्तकं तीनचाकीला दोन ओळीत उरकतात, ते मला मुळीच पटत नाही.

प्रश्न: माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे. जुन्या चित्रांमधलं ते भलंमोठं पुढचं चाक निव्वळ शौकासाठी होतं का?

नाही, तो हिशेब होता. तुम्ही लगेच ओळखाल. पेडल थेट आसावर, म्हणजे पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. ३६ इंची चाकाचा घेर सुमारे २.८७ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी दहा किलोमीटरच्या जरासं वर. चाक ५४ इंची केलं की घेर ४.३१ मीटर आणि तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेपंधरा. चेन नसताना गिअर वाढवायचा हा एकच सोपा मार्ग. चाक किती मोठं, हे माणसाच्या पायाच्या लांबीवर ठरायचं. लाकडी चाक एवढं मोठं केलं तर पेलवलं नसतं. ते जमलं ताणलेल्या तारांमुळे. पॅरिसच्या यूजेन मेयरने १८६९मध्ये तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, आणि १८७०मध्ये जेम्स स्टार्ली व हिलमन यांची ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल आली. मोठं चाक भरीव रबरावरही खड्डे बरे पार करतं, हा आणखी फायदा.

तोटा तुम्हाला ठाऊक असेलच. माणूस जवळजवळ पुढच्या आसावर बसलेला. पुढे दगड आला किंवा ब्रेक जरा जोरात दाबला की तो थेट डोक्यावर. उतारावर जाणते लोक पाय हँडलवरून पुढे टाकत, म्हणजे उडालेच तर पायांवर पडावेत. यावर उपाय म्हणून किती तऱ्हा निघाल्या! ‘फॅसाइल’मध्ये दांड्या, अमेरिकन ‘स्टार’मध्ये लहान चाकच पुढे आणलेलं, १८८४च्या ‘कांगारू’त पुढच्याच चाकाला दोन्ही बाजूंनी चेन. हॅरी लॉसनने १८७९मध्ये चेन मागच्या चाकाला लावून पाहिली, आणि सहा वर्षांनी ‘रोव्हर’ने ती गोष्ट मार्गी लावली. तुमच्या दुकानात येणाऱ्या एखाद्या २६ इंची सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर २६ गुणिले ४४ भागिले १८, म्हणजे साडेत्रेसष्ट इंच. त्या उंच गाडीच्या भाषेत तुम्ही साडेत्रेसष्ट इंची चाकावर बसता, एवढ्या लांब पायांचा माणूस मिळाला नसता. गिअर इंचांत मोजायची पद्धत तिथूनच आली आहे.

प्रश्न: लहान मुलांच्या तीनचाकीला अजून पुढच्या चाकावरच पेडल का असतं? चेन लावली तर मुलाला सोपं नाही का जाणार?

नाही जाणार. बारा इंची चाकाचा एक फेरा म्हणजे जेमतेम एक मीटर. मूल हळू आणि सुरक्षित चालतं, आणि पाय रोखले की गाडीही थांबते. चेन नाही, म्हणजे बोट अडकायची भीती नाही. लालमाँच्या पेटंटमधली रचना आज सर्वांत जास्त इथेच शिल्लक आहे, गुणदोषांसकट. मूल जोराने पेडल मारतं तेव्हा हँडल डावी-उजवीकडे हलताना दिसेल. सीट पुढेमागे करता येत असेल तर ती अशी बसवा की पेडल सर्वांत दूर असताना मुलाचा गुडघा किंचित वाकलेला राहील.